एकाकी मनुष्यास माणसाचे भय का वाटते?

मराठीत एकटेपणासाठी निदान तीन शब्द रोजच्या वापरातले आहेत: एकटा, एकांत आणि एकाकी. एकटा हा नुसता गणतीचा शब्द आहे. घरात दुसरे कोणी नसले म्हणजे मनुष्य एकटा असतो, मग तो सुखात असो की दुःखात. एकांत हा आपण होऊन शोधावयाचा असतो. साधकास तो लागतो, लेखकास लागतो, परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यासही लागतो. एकाकी या शब्दात मात्र एक टोचणी आहे. कोणीतरी असावयास हवे होते आणि ते नाही, असा त्याचा भाव आहे. भाषेने हा भेद इतका नीट सांभाळला असता व्यवहारात आपण तो विसरतो, आणि एकाकी मनुष्यास एकांतप्रिय म्हणून मोकळे होतो.

आम्ही या व्याख्यानासाठी निर्जन बेटावर अडकलेल्या मनुष्याची गोष्ट निवडली. कशेळे हे भीमाशंकरच्या डोंगरांच्या पायथ्याशी, कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. गलबत, तुफान आणि बेट यांच्याशी या गावाचा संबंध तो काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो ओघाने येईलच. आधी गोष्ट.

डॅनियल डीफो या इंग्रज लेखकाची 'रॉबिन्सन क्रूसो' ही कादंबरी १७१९ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक ३० सप्टेंबर १६५९ रोजी गलबत फुटून एका ओसाड बेटावर येऊन पडतो आणि २८ वर्षे, २ महिने व १९ दिवस तेथे राहतो. आपल्यापैकी पुष्कळांनी ही गोष्ट बालपणी, कापून आटोपशीर केलेल्या पुस्तकातून वाचलेली असते. त्यामुळे लक्षात राहते ती क्रूसोची कारागिरी: त्याने कुंपण कसे घातले, मडकी कशी भाजली, शेळ्या कशा पाळल्या. मुलांस ते आवडते आणि आवडावेही. परंतु मोठेपणी मूळ पुस्तक वाचले असता ध्यानात येते की, ही जितकी हातांची गोष्ट आहे तितकीच मनाचीही आहे.

बेटावर आल्यावर थोड्याच दिवसांत क्रूसो एक खांब रोवतो आणि त्यावर रोज एक खाच पाडू लागतो. आज कोणता वार हे कळून त्या बेटावर कोणाचे काय अडले होते? तेथे बाजाराचा दिवस नाही, कोर्टाची तारीख नाही. तरी तो खाच पाडतो, कारण दिवस मोजणे हे माणसांतले काम आहे. आपला रविवार आणि मायदेशाचा रविवार एकच आहे, एवढाच त्याचा आपल्या लोकांशी उरलेला धागा. हा धागा किती लवकर तुटतो याचा प्रत्यय पुढे शास्त्रज्ञांनीही घेतला. मिशेल सिफ्र हा तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ साली आल्प्स पर्वतातील एका खोल गुहेत घड्याळावाचून दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढले, तेव्हा त्याच्या हिशेबाने तारीख २० ऑगस्ट होती. जवळजवळ पंचवीस दिवस त्याच्या मनातून गळून गेले होते.

क्रूसो दुसरी गोष्ट करतो ती अशी की, वाण्याने वहीत जमा आणि नावे मांडावी तसे तो आपल्या दशेचे दोन रकाने मांडतो. एका बाजूस दुःख: मी जगापासून तुटलो आहे. दुसऱ्या बाजूस समाधान: पण मी जिवंत आहे, बाकीचे सारे बुडाले. बोलावयास दुसरे कोणी नसल्यामुळे वाद घालणारा आणि समजूत घालणारा असे दोन्ही जण त्यालाच व्हावे लागले. शाई होती तोवर तो रोजनिशीही लिहीत होता. पुढे शाई संपत आली आणि ती थांबली.

तिसरी गोष्ट पोपटाची. क्रूसो एक पोपट धरतो आणि त्याला बोलावयास शिकवतो. पोपट काय शिकतो? क्रूसोचेच नाव. एकदा तो आपल्या होडीसह प्रवाहात सापडतो, कसाबसा किनाऱ्यास लागतो आणि थकून झोपी जातो. झोपेत कोणीतरी त्याला नावाने हाका मारीत आहे, तू कोठे होतास म्हणून विचारीत आहे, असे त्यास ऐकू येते. तो दचकून उठतो. समोर कुंपणावर पोपट बसलेला असतो. करुणेचे जे शब्द क्रूसोने स्वतःशी उच्चारले, तेच पोपटाने उचलले होते. आपल्याला कोणीतरी नावाने हाक मारावी ही भूक अशी की, ती भागवण्यासाठी मनुष्य आपलीच हाक पाखराच्या चोचीत ठेवतो.

येथपर्यंत सारे अपेक्षेप्रमाणे आहे. मनुष्याला माणूस हवा असतो, तो मिळत नाही, म्हणून तो खांब, वही आणि पोपट यांवर वेळ मारून नेतो. यापुढे मात्र कादंबरीत जे घडते ते वाचकास चक्रावून टाकते. बेटावर पंधरा एक वर्षे काढल्यावर एके दिवशी दुपारी क्रूसोला किनाऱ्याच्या वाळूत एका उघड्या मानवी पावलाचा ठसा दिसतो. एकच ठसा. ज्याने इतकी वर्षे माणसाच्या आवाजासाठी तळमळून काढली, त्याने आनंदाने ओरडत त्या ठशाचा माग काढावा, नाही का? तो तसे करीत नाही. तो पळत सुटतो. वाटेत प्रत्येक झुडूप, प्रत्येक खुंट त्यास माणसासारखा भासतो. आपण घरात शिडीवरून चढून गेलो की कपारीच्या भोकातून शिरलो, हेही नंतर त्यास आठवत नाही. तीन दिवस आणि तीन रात्री तो बाहेर पडत नाही. हा ठसा सैतानाचा असेल असे त्याला वाटते. मग नरभक्षकांचा असेल असे वाटते. मग आपलाच असेल अशी तो समजूत घालतो आणि जाऊन मापतो, तो ठसा मोठा भरतो. शेवटी, येथे माणूस राहतो हे कोणास कळू नये म्हणून शेळ्यांची कुंपणे मोडून टाकावी, उभे शेत खणून काढावे, असले विचार त्याच्या मनात येऊ लागतात. हाताने उभे केलेले सारे हाताने मोडावयास तो निघाला होता. कोणी त्याच्यावर चाल केली म्हणून नव्हे. एक पाऊल उमटले म्हणून.

आणि हाच मनुष्य पुढे कित्येक वर्षांनी, बेटाजवळ एक स्पॅनिश गलबत खडकावर फुटते तेव्हा, त्यातून एक तरी जीव वाचता तर, एकच वाचता तर, असे पुनःपुन्हा म्हणत मुठी आवळून आक्रोश करतो. ज्यास माणसाचे भय वाटते तोच माणसासाठी रडतो. आम्हांस संपूर्ण कादंबरीत याहून खरे असे काही वाटत नाही.

कोणी म्हणेल, ही कादंबरीकाराची कल्पना. डीफो काही बेटावर राहिला नव्हता. हे खरे, परंतु त्याच्या वेळी एक जिवंत उदाहरण लंडनमध्ये गाजले होते. अलेक्झांडर सेल्कर्क हा स्कॉटिश खलाशी १७०४ साली कप्तानाशी भांडून दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडील हुआन फर्नांदेझ बेटांपैकी एकावर उतरला आणि १७०९ साली वुड्स रॉजर्स या कप्तानाने त्यास सोडवीपर्यंत चार वर्षे चार महिने एकटा होता. पहिले आठ महिने त्यास उदासीनतेशी झगडावे लागले. पुढे तो मांजरे आणि करडे यांच्याबरोबर नाचत असे. सोडविला तेव्हा तो अर्धे अर्धे शब्द बोलत होता, इतके की खलाशांस त्याचे बोलणे नीट कळेना. येथे डीफोची एक चूक सापडते: त्याच्या नायकाची वाचा अठ्ठावीस वर्षांतही शाबूत राहते. रिचर्ड स्टील या लेखकाने सेल्कर्कला लंडनमध्ये पाहिले होते. पुढे काही महिन्यांनी तो रस्त्यात भेटला, तेव्हा स्टीलला त्याची ओळखही पटली नाही. गावातल्या नेहमीच्या बोलण्याचालण्याने त्याच्या चेहऱ्यावरचे एकलेपण पुसून गेले होते.

परंतु सेल्कर्कच्या दोनशे वर्षे आधीचे आणि आपल्या फार जवळचे असे एक उदाहरण आहे. त्याची सुरुवात गोव्यात झाली. पणजीहून फोंड्यास जाताना बाणस्तारीचा पूल लागतो. १५१२ साली तेथे एक किल्ला होता आणि तो विजापूरच्या आदिलशाही फौजेच्या ताब्यात होता. आफोन्सो द आल्बुकर्क याने १५१० च्या नोव्हेंबरात गोवा दुसऱ्यांदा जिंकले आणि पुढल्या वर्षी तो मलाक्क्यास गेला. मागे राहिलेल्या पोर्तुगीज शिबंदीवर वेढ्याचे आणि उपासमारीचे दिवस आले. तेव्हा काही शिपाई आदिलशाहीस जाऊन मिळाले व त्यांनी धर्मही बदलला. त्यांत फर्नांव लोपिश हा एक होता. आल्बुकर्क परत आला, बाणस्तारीला वेढा पडला आणि रसूलखानाने किल्ला सोडताना या फितुरांस जीवदान मिळावे अशी अट घातली. आल्बुकर्कने अट अक्षरशः पाळली. त्यांना ठार न मारता त्यांची नाके, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा तोडविला. हा वृत्तांत गास्पार कोरेया याने लिहून ठेवला आहे. तो आल्बुकर्कच्या पदरी लेखक होता.

१५१५ च्या डिसेंबरात आल्बुकर्क वारला. त्यानंतर लोपिश पोर्तुगालला जाणाऱ्या एका जहाजावर चढला. तेथे त्याची बायकामुले होती. वाटेत जहाज पाण्यासाठी सेंट हेलेना बेटाला लागले. दक्षिण अटलांटिक महासागरातील हे बेट पोर्तुगिजांस १५०२ साली सापडले, तेव्हा त्यावर मनुष्यवस्ती नव्हती. पुढे तीनशे वर्षांनी नेपोलियनला कैदेत ठेवण्यासाठी इंग्रजांनी हेच बेट निवडले, यावरून ते किती एकलकोंडे आहे याची कल्पना यावी. तेथे लोपिश रानात लपून बसला. हाका मारूनही तो आला नाही. हा चेहरा घेऊन बायकोमुलांसमोर उभे राहण्यापेक्षा निर्जन बेट त्यास बरे वाटले असावे. खलाशांनी त्याच्यासाठी बिस्किटे, खारवलेले मांस, मासे, मीठ, विस्तव आणि जुने कपडे ठेवले आणि शिडे उभारली.

आता त्याच्याजवळ एक तुटका हात आणि दुसरा बिनअंगठ्याचा हात होता. त्या हातांनी त्याने निजण्यासाठी जमिनीत एक गुहा खणली, खाण्याजोगा पाला शोधला. एकदा येऊन गेलेल्या जहाजावरून एक कोंबडा समुद्रात पडला आणि लाटांबरोबर किनाऱ्यास लागला. लोपिशने त्यास उचलून कोरडे केले, तांदूळ खाऊ घातले. तो कोंबडा दिवसभर त्याच्या मागे मागे हिंडे आणि रात्री गुहेत त्याच्या उशाशी वर बसे. क्रूसोचा पोपट हा कल्पनेतला. हा कोंबडा खरा. सेल्कर्कची मांजरे खरी. आणि ज्या सिफ्रचा उल्लेख वर आला, तो १९७२ साली अमेरिकेत टेक्सासमधील एका गुहेत सहा महिन्यांहून अधिक काळ एकटा राहिला, तेव्हा तेथे आलेल्या एका उंदराशी मैत्री करण्याचा त्याने ध्यास घेतला. उंदीर सापडावा म्हणून त्याने भांडे उपडे घातले, ते नेमके उंदराच्या डोक्यावर आदळले आणि तो मेला. त्या दुःखाविषयी सिफ्रने स्वतः लिहिले आहे. चारशे वर्षांच्या अंतरावरची, एकमेकांस न ओळखणारी ही माणसे. पण सर्वांनी वेळ येताच एकच गोष्ट केली.

भारताकडून परतणारी जहाजे सेंट हेलेनास पाण्यासाठी थांबत. जहाज दिसले की लोपिश लपे. ते निघून गेले की बाहेर येई. खलाशी त्याच्यासाठी बियाणे, झाडांची रोपे, कोंबड्या, डुकरे, शेळ्या सोडून जात आणि तो त्यांची वाढ करी. म्हणजे पहा, माणसांचे देणे त्यास हवे होते, त्यावर तो जगत होता, माणसांसाठी जणू बाग लावीत होता. फक्त माणूस समोर यावयास नको होता. हा वाळूतल्या ठशापुढे पळणारा क्रूसोच होय, पण डीफोच्या दोनशे वर्षे आधीचा.

याचे कारण काय? लोपिशच्या बाबतीत ते वरवर उघड दिसते. माणसांनी त्याला जे केले ते पाहता त्याने माणसांस टाळावे यात नवल नाही. परंतु क्रूसोला बेटावर कोणी काही केले नव्हते. तेव्हा कारण याहून खोल असले पाहिजे. शिकागो विद्यापीठातील जॉन कॅसिओपो या मानसशास्त्रज्ञाने एकाकीपणाचा अनेक वर्षे अभ्यास केला. तो २०१८ साली वारला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. भूक ही जशी शरीराची सूचना आहे की अन्न शोधा, तशी एकाकीपणाची वेदना ही सूचना आहे की आपली माणसे शोधा. परंतु कळपातून सुटलेल्या प्राण्यावर आणखी एक संकट असते. त्याच्यावर कोणीही झडप घालील, आणि राखण करावयास दुसरे कोणी नाही. म्हणून त्याचे मन सतत पहाऱ्यावर असते. झोप हलकी होते. चाहूल लागली की ती आधी शत्रूचीच वाटते. एकाकी मनुष्याच्या ठिकाणी ही दोन्ही कामे एकदम चालतात: माणूस शोध, आणि माणसापासून सावध राहा. काळ जसजसा जातो तसतसे दुसरे काम पहिल्यावर मात करू लागते. कोणी सहज हसला तरी तो आपल्याला हसला असे वाटते; कोणी गप्प राहिला तर तो मनात डाव धरून आहे असे वाटते. मग मनुष्य आणखी मागे सरतो, लोकही मागे सरतात, आणि हे चक्र आपल्याच गतीने फिरू लागते.

आपल्याकडे अशा मनुष्यास माणूसघाणा म्हणतात. शब्द ठसकेबाज आहे, पण अन्यायाचा आहे. ज्यास माणसांची घाण येते तो माणूसघाणा, असा त्याचा अर्थ. वस्तुतः यांतील कित्येकांची अवस्था क्रूसोसारखी असते. उपाशी मनुष्यास फार दिवसांनी अन्नाचा घास घशाखाली उतरू नये, म्हणून त्याला अन्नाचा तिटकारा आहे असे म्हणावे, तसेच हे झाले.

येथे कोणी मंडालेची आठवण देईल. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते आणि तेथेच 'गीतारहस्य' लिहून झाले. सावरकरांनी अंदमानच्या कोठडीत भिंतीवर काव्यपंक्ती कोरून त्या पाठ केल्या. मग एकांताने मन खचते असे कसे म्हणावे? आमचे उत्तर असे की, त्या कोठड्यांत वाचक हजर होता. तो भिंतीबाहेर, काही वर्षे पुढे होता इतकेच. ज्याला आपले बोलणे कोणासाठी आहे हे पक्के ठाऊक आहे, तो एकटा असला तरी एकाकी नसतो. तरी मंडालेत असताना १९१२ साली सत्यभामाबाई गेल्याची बातमी तारेने आली, तो दिवस कसा गेला असेल, हे ग्रंथाची पाने मोजून कळावयाचे नाही.

आणखी एक उदाहरण तर अगदी जवळचे आहे. कशेळ्याहून कोठलीगडाच्या वाटेने गेले की आंबिवलीजवळ नदीकाठी बौद्ध लेणे आहे. तेथे एकेका भिक्षूसाठी लहान कोठड्या खोदलेल्या आहेत. परंतु त्या सर्वांची दारे एकाच सामायिक दालनात उघडतात. भिक्षू वर्षावासाचे महिने एकत्र राहत. ध्यानास कोठडी, पण दार उघडले की समोर सोबती. ज्यांनी एकांताचे शास्त्रच केले होते त्यांनीही आपले दार माणसांकडे ठेवले, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

लोपिशचे पुढे काय झाले ते आता सांगितले पाहिजे, कारण भय कसे सरले हे त्यात आहे. काही वर्षांनी एका जहाजावरून पळालेला जावा बेटाकडचा एक गुलाम मुलगा सेंट हेलेनावर राहिला. काही काळ दोघे एकत्र होते. पुढे त्या मुलाने एका कप्तानास लोपिशची लपण्याची जागा दाखवली. आता आपल्याला बांधून नेणार, असेच लोपिशला वाटले. परंतु कप्तानाने त्यास अभय दिले: तुझ्या इच्छेविरुद्ध तुला कोणी येथून नेणार नाही. त्यानंतर लोपिश येणाऱ्या लोकांसमोर येऊ लागला, त्यांच्याशी बोलू लागला. पुढे तो लिस्बनला गेला, राजास भेटला, रोमला जाऊन पोप सातवा क्लेमंट यासही भेटला. राजाने त्यास मठात राहण्याचे सुचविले होते. त्याने मागून घेतले ते एवढेच की, मला परत माझ्या बेटावर पाठवा. १५४५ च्या सुमारास तो तेथेच वारला. कोणी यावरून म्हणेल की त्याचे एकाकीपण बरे झालेच नाही. आम्हांस तसे वाटत नाही. आधी तो बेटावर लपला होता. नंतर तो बेटावर राहत होता.

क्रूसोचीही गोष्ट अशीच आहे, मात्र थोडी विनोदी. पंचविसाव्या वर्षी त्यास फ्रायडे हा सोबती मिळतो. त्याचा जीव क्रूसोनेच वाचवलेला असतो. तरी पहिल्या रात्रींत क्रूसो त्याला दोन कुंपणांच्या मधल्या जागेत झोपवतो, स्वतः आतून दार बंद करतो, शिडी वर ओढून घेतो आणि हत्यारे जवळ घेऊन निजतो. आणि त्यास शिकवलेल्या पहिल्या शब्दांत 'मालक' हा एक असतो. पंचवीस वर्षांनी मिळालेल्या पहिल्या माणसाशी बोलावयाचे, ते मालक होऊन! ही डीफोच्या काळाची आणि त्याच्या देशाची खोड. पण कडी लावण्याची खोड कोणत्याही देशातली असू शकते. या खबरदारीची काही एक गरज नव्हती, हे क्रूसो स्वतःच पुढे कबूल करतो.

आता या भागाविषयी. दिवाळी झाली की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील पुष्कळ कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मागे वाडीत म्हातारी माणसे उरतात. ठाकरवाड्यांतून आणि गावांतूनही तरुण मंडळी कल्याण, मुंबई, पुणे येथे कामास जातात. राखणीचा माळा असतो तेव्हा एका माळ्यावरचा मनुष्य दुसऱ्या माळ्यावरच्यास हाळी देतो आणि रात्र सरते. पण घरात बसलेल्या म्हाताऱ्याला हाळी देणारे कोणी नसते. पाच-सहा महिन्यांनी मुलगा-सून येतात, तो म्हातारा कुरकुरतो, भांडी मोजतो, नातवंडाने हात लावला तर ओरडतो. म्हातारा बिघडला, असे लोक म्हणतात. वैशाखात येणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की त्याच्या वाळूत पाऊल उमटले आहे.

अशा घरी जाणाऱ्याने एकदम आत शिरू नये. अंगणातून नाव घेऊन हाक मारावी, आपण कोण ते सांगावे आणि ओटीवरच बसावे. काही द्यावयास आणले असले तरी आधी प्यावयास पाणी मागावे. देणारा होण्याची संधी त्यास कित्येक महिन्यांत मिळालेली नसते. चल आमच्याकडे, असा आग्रह पहिल्या भेटीत मुळीच करू नये. परत कधी येणार तो वार सांगावा, आणि त्याच वारी जावे.